एका हाताची विद्या दुसऱ्या हाताला



वसंतातल्या या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्या पंगतीत पिस्तुलाच्या नेमबाजीचे पान मांडले तर ते थोडे विजोड दिसेल, याची मला जाणीव आहे. परंतु हा विषय मी हौसेखातर निवडलेला नाही. काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांची मुलगी दहा मीटरच्या एअर पिस्तुलात बरे गुण मिळवू लागली होती. प्रशिक्षकांनी सुचविले की, तिच्या हाती आता पंचवीस मीटरचे पिस्तूलही द्यावे. गृहस्थ काळजीत पडले. ते म्हणाले, "तीन वर्षे घासून हात कुठे स्थिर झाला आहे. आता दुसरे हत्यार दिले तर आहे तेही जायचे! एक ना धड भाराभर चिंध्या, असे होणार नाही ना?"

प्रश्न एका मुलीचा होता. पण विचार करता करता मला वाटू लागले की हा प्रश्न आपणां सर्वांचाच आहे. एका कामात मिळविलेले कौशल्य शेजारच्या कामात किती उपयोगी पडते? तबलजी पखवाजावर बसला तर त्याची लय त्याच्याबरोबर येते, यात शंका नाही. पण बोटांनी वाजविण्याची त्याची सवय पखवाजाच्या खुल्या पंजाला आडवी येते, हेही तितकेच खरे. मग येते किती आणि आडवे येते किती? या प्रश्नावर नुसत्या तर्काने वाद घालण्यापेक्षा इतिहासाला साक्षीला बोलवावे हे बरे. पिस्तुलाच्या नेमबाजीचा इतिहास यासाठी फार सोयीचा आहे. गायनात कोण श्रेष्ठ यावर रात्र जागविता येते. नेमबाजीत छिद्र कागदावर पडलेले असते आणि त्याचे गुण शंभर वर्षांनीही वाचता येतात.

प्रथम हे प्रकार वेगळे कसे, ते थोडक्यात सांगतो. ज्यांना पिस्तूल म्हणजे केवळ पिस्तूल एवढेच ठाऊक आहे, त्यांना या प्रश्नातली मेख त्याशिवाय कळणार नाही. पन्नास मीटरचे फ्री पिस्तूल घ्या. ते ०.२२ बोअरचे असते, एका वेळी एकच काडतूस घेते, त्याची मूठ नेमबाजाच्या पंजाभोवती हातमोज्यासारखी कोरलेली असते आणि त्याचा चाप इतका हलका ठेवता येतो की बोटाने विचार केला तरी गोळी सुटावी. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ पाच सेंटिमीटर व्यासाचे. साठ गोळ्या मारायच्या आणि त्यांना वेळ सढळ. याच्या उलट पंचवीस मीटरचे रॅपिड फायर. पाच लक्ष्ये शेजारी शेजारी, एकमेकांपासून पाऊण मीटरवर. हात खाली पंचेचाळीस अंशांत धरून उभे राहायचे आणि इशारा मिळताच हात उचलून पाचही लक्ष्यांवर एकेक गोळी मारायची. प्रथम आठ सेकंदांत, नंतर सहा, शेवटी चार. दहा मीटरचे एअर पिस्तूल स्वभावाने फ्री पिस्तुलाचे धाकटे भावंड. मात्र त्याच्या चापाचे वजन निदान पाचशे ग्रॅम असावे लागते. अमेरिकेत आणखी एक जुना प्रकार आहे, त्याला तिकडे बुल्सआय म्हणतात. त्यात सावकाश नेम, वीस सेकंदांत पाच गोळ्या आणि दहा सेकंदांत पाच गोळ्या, अशी तिन्ही कामे एकाच नेमबाजाला करावी लागतात. शिवाय धावत, वळत, दोन्ही हातांनी पिस्तूल धरून मारण्याचा एक अलीकडचा प्रकार आहे, त्याकडे आपण नंतर येऊ.

या सर्वांत समान काय? मागची खाच आणि पुढची माशी एका रेषेत धरणे, आणि ती रेषा न हलविता चाप ओढणे. एवढीच विद्या. पुस्तकात लिहिली तर दोन ओळींत संपेल आणि शिकायला घेतली तर आयुष्य पुरणार नाही. मग भेद कुठे? वरवर पाहणारा सांगेल की अंतरात, वजनात आणि वेळेत. माझ्या मते खरा भेद याहून खोल आहे. फ्री पिस्तूलवाल्याला नकाराचा अधिकार असतो. त्याने हात उचलला, माशी डगमगते आहे असे वाटले, तर तो गोळी न मारता हात खाली घेतो, श्वास घेतो आणि पुन्हा सुरुवात करतो. किंबहुना, वाईट गोळी नाकारणे हा त्याचा सर्वांत मोठा सद्गुण. रॅपिड फायरवाल्याला हा अधिकारच नाही. चार सेकंदांत तो नकार देत बसला तर पाचवे लक्ष्य कोरे राहील आणि कोऱ्या लक्ष्याला शून्य गुण. म्हणजे एका घरचा सद्गुण दुसऱ्या घरी दुर्गुण ठरतो. आपल्या महाभारतकथेत अर्जुनाच्या दोन परीक्षा सांगतात. पहिलीत झाडावरच्या कृत्रिम पक्ष्यावर मन एकाग्र होईपर्यंत थांबायला मुभा होती. दुसरीत, लोकांच्या तोंडी असलेल्या कथेप्रमाणे, मासा डोक्यावर फिरत होता. धनुर्धर एकच, पण परीक्षा एक नव्हे.

आता इतिहासाकडे वळू. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये अल्फ्रेड लेन हा वीस वर्षांचा अमेरिकन तरुण पन्नास मीटरच्या पिस्तुलात पहिला आला. आणि तीस मीटरवर मोजके सेकंद दिसून नाहीशा होणाऱ्या मानवाकृतींवर मारण्याची जी द्वंद्व-पिस्तुलाची स्पर्धा होती, तीतही तोच पहिला आला. तीसपैकी तीस गोळ्या त्याने लागू केल्या. सांघिक सुवर्ण धरून एकाच ऑलिंपिकमध्ये तीन. आठ वर्षांनी अँटवर्पला ब्राझीलच्या चमूची सामग्री वाटेत चोरीला गेली, तेव्हा अमेरिकन नेमबाजांनी त्यांना आपली पिस्तुले आणि काडतुसे दिली. त्या उसन्या हत्यारावर गिलेर्मे पाराएन्से याने तीस मीटरच्या लष्करी पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले. ब्राझीलचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण. हत्यार परके, पण हात ओळखीचा! या दोन गोष्टी ऐकल्या की वाटते, प्रश्न सुटला. ज्याला नेम येतो त्याला सर्व येते.

पण घाई करू नये. त्या काळी हे प्रकार एकमेकांपासून आजच्याइतके दूर गेले नव्हते. पुढे प्रत्येक प्रकाराने आपापले हत्यार घडविले. फ्री पिस्तुलाची नळी लांबली, चाप हलका होत गेला; रॅपिड फायरच्या पिस्तुलाला धक्का जवळजवळ जाणवू नये अशी रचना झाली. हत्यार बदलले तसा सराव बदलला, आणि सराव बदलला तसा माणूस बदलला. तरी १९३६ साली बर्लिनला स्वीडनच्या टॉर्स्टन उलमन याने फ्री पिस्तुलात सुवर्ण आणि रॅपिड फायरमध्ये कांस्य मिळविले. अमेरिकेचा ह्युलेट बेनर हा बुल्सआयमध्ये वाढलेला लष्करी गडी, तिथला अनेक वेळचा राष्ट्रीय विजेता. तो १९५२ साली हेलसिंकीला फ्री पिस्तुलाचे सुवर्ण घेऊन गेला. बुल्सआयमधली त्याची सावकाश नेमाची कमाई इथे रोख वठली.

यांतला सर्वांत बोलका दाखला फिनलंडच्या पेंट्टी लिन्नोस्वुओचा. १९५६ साली मेलबर्नला त्याने फ्री पिस्तुलात ५५६ गुण केले. सोव्हिएत संघाच्या माखमूद उमारोव्हचेही तितकेच गुण झाले आणि बरोबरी फोडल्यावर सुवर्ण लिन्नोस्वुओला मिळाले. १९६० साली रोमला तो रॅपिड फायरमध्ये दिसतो. तिथे तिघांचे ५८७ गुण झाले; सुवर्ण अमेरिकेच्या विल्यम मॅकमिलनला गेले आणि लिन्नोस्वुओला रौप्य मिळाले. १९६४ साली टोकियोला त्याने त्याच प्रकारात ५९२ गुण करून सुवर्ण घेतले. फ्री पिस्तूल आणि रॅपिड फायर, दोन्हींत वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण! लेननंतर अर्ध्या शतकाने ते घडले. पण श्रोतेहो, लेनने जे एका आठवड्यात केले त्याला लिन्नोस्वुओला आठ वर्षे लागली. विद्या पलीकडे गेली खरी, पण वेशीवर तिला जकात भरावी लागली. प्रकार जितके दूर गेले, तितकी जकात वाढत गेली.

ही जकात म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे तर हंगेरीच्या कारोली ताकाच याची कथा सांगितली पाहिजे. ती अनेकांनी ऐकली असेल. पण ती जिद्दीची कथा म्हणून सांगतात, मी ती आज विद्येच्या स्थलांतराची कथा म्हणून सांगणार आहे. ताकाच हा हंगेरीच्या सैन्यातला सार्जंट. १९३६ साली त्याचा नेम ऑलिंपिकच्या योग्यतेचा होता. परंतु संघात केवळ अधिकाऱ्यांना घेण्याचा नियम असल्यामुळे त्याला बर्लिन दिसले नाही. तो अडसर पुढे दूर झाला. मग १९३८ साली सरावात एक सदोष हातबाँब त्याच्या उजव्या हातात फुटला. नेमाचा हातच कामातून गेला. महिनाभर इस्पितळात काढल्यावर तो बाहेर आला आणि कोणाला न सांगता डाव्या हाताने सराव करू लागला. १९३९ च्या वसंतात तो राष्ट्रीय स्पर्धेला आला, तेव्हा सहकाऱ्यांना वाटले की बिचारा आपले खेळणे पाहायला आला आहे. तो खेळायला आला होता, आणि जिंकून गेला. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत विजयी ठरलेल्या हंगेरीच्या संघातही तो होता. पुढे महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिके झालीच नाहीत. १९४८ साली लंडनला अडतीस वर्षांचा ताकाच डाव्या हाताने रॅपिड फायरला उभा राहिला आणि ५८० गुणांचा जागतिक उच्चांक करून सुवर्ण घेऊन गेला. १९५२ साली हेलसिंकीला त्याने ५७९ गुणांनी पुन्हा सुवर्ण मिळविले.

एकलव्याचा अंगठा गेल्यावर त्याची पूर्वीची चपळाई राहिली नाही, असे महाभारत सांगते. ताकाचचा हात गेला आणि चपळाई राहिली. असे कसे? माझे उत्तर असे की, उजव्या हातात फक्त बळ आणि सवय होती. विद्या हातात नव्हतीच. पाच लक्ष्यांवरून माशी कोणत्या तालावर न्यायची, पहिली गोळी किती लवकर आणि किती सावकाश मारायची, चाप ओढताना मन कुठे ठेवायचे, हे सारे त्याच्याजवळ शाबूत होते. डाव्या खांद्याला आणि डाव्या बोटाला मात्र पहिलीपासून शाळेत बसावे लागले. लंडनच्या स्पर्धेआधीची एक गोष्ट सांगतात. अर्जेंटिनाचा विश्वविजेता साएन्झ वालिएन्ते याने त्याला विचारले, की तू इथे कशाला आला आहेस. ताकाच म्हणाला, शिकायला. स्पर्धा संपल्यावर दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या वालिएन्तेने त्याला सांगितले, की आता तू पुरेसा शिकलास. ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात. मला ती त्याच्या साऱ्या कथेचे सार वाटते. डाव्या हाताने पिस्तूल धरताना ज्याला आपल्या उजव्या हाताची प्रतिष्ठा विसरता येते, त्याचीच विद्या पलीकडे जाते.

या अनुभवाला शास्त्राचा पाठिंबा आहे काय? आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. १८९४ साली अमेरिकेत येल विद्यापीठात स्क्रिप्चर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. लहानशा छिद्रात, कडेला न लावता, सुई घालायची. एका हाताला सराव दिला आणि पाहिले तर न शिकविलेल्या हाताचीही स्थिरता वाढलेली आढळली. सरावाच्या हाताइतकी नव्हे, पण वाढलेली. ताकाचने चव्वेचाळीस वर्षांनी जे केले त्याची ही जणू प्रयोगशाळेतली नांदी. याउलट १९०१ साली थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी दाखविले, की चौकोनांचे क्षेत्रफळ नजरेने ओळखण्याचा सराव दिलेल्या माणसांना आकार बदलून दिला, की मिळविलेल्या कौशल्यातला बराच भाग गळून पडतो. त्यांचा निष्कर्ष असा, की दोन कामांत जे घटक समान असतील तेवढ्यापुरतीच विद्या पुढे जाते. पुढे १९५० नंतर कॅलिफोर्नियात फ्रँकलिन हेन्री याने शारीरिक हालचालींबाबत हाच विचार अधिक कडकपणे मांडला. एका हालचालीतले प्रावीण्य दुसरीबद्दल फारच थोडे सांगते, असे त्याचे म्हणणे. तात्पर्य, "नेमबाज तो नेमबाज" ही समजूत शास्त्राला मान्य नाही, आणि "प्रत्येक प्रकार वेगळा, काहीच जात नाही" हीही मान्य नाही. समान घटक कोणते, हे शोधणे एवढेच हाती उरते.

हा शोध एकदा भलत्याच ठिकाणी लागला. कॅलिफोर्नियाच्या डोंगरात बिग बेअर लेक नावाचे गाव आहे. १९५० नंतरच्या दशकात जेफ कूपर नावाच्या माजी मरीन अधिकाऱ्याने तिथे स्पर्धा सुरू केल्या. कमरेचे पिस्तूल उपसायचे आणि सात यार्डांवरचे फुगे प्रतिस्पर्ध्याच्या आधी फोडायचे. बहुतेक मंडळी कमरेपासूनच, नेम न धरता, एका हाताने गोळ्या झाडीत; कारण नेम धरण्यात वेळ जातो अशी सर्वांची खात्री. जॅक वीव्हर हा लॉस एंजेलिस परगण्यातला पोलीस मात्र पिस्तूल दोन्ही हातांनी धरून डोळ्यांसमोर आणी, माशी पाही आणि मग मारी. दिसायला तो मागे पडे. पण इतरांच्या गोळ्या वाऱ्यावर जात आणि याची पहिलीच फुग्यात. १९५९ साली तो जिंकला आणि कमरेवरून मारणारे हळूहळू त्याचे अनुकरण करू लागले. माशी पाहून मारण्याची विद्या वेगाच्या खेळातही खरी ठरली. सामान्य माणूस वेगाच्या भीतीने जी गोष्ट प्रथम टाकून देतो, तीच नेमकी पलीकडे नेण्यासारखी होती!

परंतु याच परंपरेतून पुढे जो प्रकार वाढला आणि १९७६ साली मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी ज्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, त्यात जुन्या नेमबाजांची कसोटी लागली. तिथे मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. म्हणजे अचूकता फुकट नाही. तिची किंमत वेळेत मोजावी लागते. स्थिर लक्ष्यावर वाढलेला नेमबाज इथे आला, की त्याची माशी स्वच्छ दिसते, चाप गुळगुळीत चालतो. पण जवळच्या, मोठ्या लक्ष्यावरही तो पन्नास मीटरचा नेम धरीत बसतो. त्याला पुरेसे पाहणे जमत नाही, पूर्णच पाहायचे असते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, म्हणतात ते अशा वेळी. तरी ज्यांनी ही खोड ओळखली ते दोन्हीकडे यशस्वी झाले. अमेरिकेच्या डग केनिगने १९९० या एकाच वर्षी अचूकतेवर भर असलेल्या बियांकी चषकात १९२० पैकी १९२० गुण केले आणि वेगावर भर असलेल्या प्रकारात ॲडलेडला जागतिक विजेतेपदही मिळविले. नजर एकच, पण कुठे किती पाहायचे याचा हिशेब त्याने दोन वह्यांत लिहिला होता.

आतापर्यंत मी अशांच्या गोष्टी सांगितल्या, जे आपल्या मर्जीने एका घरातून दुसऱ्या घरात गेले. ताकाच तेवढा अपवाद. पण ज्यांच्या पायाखालचे घरच काढून घेतले, त्यांचे काय? इथे हा प्रश्न खरा कठीण होतो. २००५ साली रॅपिड फायरचे नियम बदलले. धक्का न देणारी जुनी खास पिस्तुले बाद झाली आणि सर्वांना जड चापाच्या, लांब काडतुसाच्या साध्या पिस्तुलावर यावे लागले. जर्मनीच्या राल्फ शूमानने जुन्या हत्यारावर १९९२, १९९६ आणि २००४ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णे जिंकली होती. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, २००८ साली बीजिंगला, नव्या हत्यारावर त्याने रौप्य मिळविले. सुवर्ण गेले ती जकात. रौप्य राहिले ती विद्या.

त्याहून मोठा घाव पन्नास मीटरच्या पिस्तुलावर पडला. रिओच्या २०१६ च्या ऑलिंपिकनंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून वगळण्यात आला. आधुनिक ऑलिंपिकच्या पहिल्या दिवसांपासून ज्याची परंपरा, तो प्रकार ठराव करून काढून टाकला. कोरियाच्या जिन जोंग-ओ याने २००८, २०१२ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन सुवर्णे यातच जिंकली होती. रिओच्या अंतिम फेरीत त्याची एक गोळी ६.६ गुणांवर गेली. या दर्जाच्या नेमबाजाला ही गोळी म्हणजे जवळजवळ पराभवच. तरी त्यातून सावरून त्याने सुवर्ण घेतले. आणि त्यानंतर ते दारच बंद झाले. पण जिनचा एक पाय पूर्वीपासून शेजारच्या घरात होता. २०१२ साली लंडनला त्याने एअर पिस्तुलाचेही सुवर्ण जिंकले होते. २०१८ साली चांगवॉनला तो एअर पिस्तुलाचा विश्वविजेता झाला. ६.६ नंतरची गोळी शांतपणे मारण्याची विद्या ठरावाने रद्द होत नाही. तथापि टोकियोत त्याला पदक मिळाले नाही, हेही सांगितले पाहिजे. पलीकडे जाता येते याचा अर्थ पलीकडे राज्य मिळते असा नव्हे. आपल्याकडच्या जितू रायचेही असेच. २०१४ च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांत त्याचे सुवर्ण पन्नास मीटरचे. २०१८ चे सुवर्ण एअर पिस्तुलाचे.

आता त्या गृहस्थांच्या मुलीकडे येऊ. कारण ज्या प्रकाराबद्दल ते घाबरले होते, त्याच्या पोटातच या साऱ्या इतिहासाचे उत्तर आहे. पंचवीस मीटरच्या स्पर्धेत साठ गोळ्या असतात. पहिल्या तीस सावकाश, प्रत्येक पाच गोळ्यांना पाच मिनिटे. दुसऱ्या तीस वेगाच्या. लक्ष्य तीन सेकंद मिळते, सात सेकंद मिळत नाही. त्या तीन सेकंदांत खाली धरलेला हात उचलून एक गोळी मारायची. म्हणजे सकाळी नकाराचा अधिकार आहे आणि दुपारी नाही. लिन्नोस्वुओने आठ वर्षांत जी वेस ओलांडली, ती वेस या स्पर्धेतली मुलगी एकाच स्पर्धेत ओलांडते. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी हीच स्पर्धा निवडली. २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ साली इंडोनेशियातल्या आशियाई स्पर्धांत त्यांनी सुवर्ण मिळविले. आशियाई स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. तेही बरोबरी फोडण्याच्या जादा गोळ्या मारून, म्हणजे जिथे नकाराला जागाच नसते तिथे.

आणि २०२४ सालचे पॅरिस तर आपणां सर्वांच्या स्मरणात आहे. मनू भाकर यांनी एअर पिस्तुलात कांस्य घेतले, सरबजोतसिंग यांच्याबरोबर मिश्र स्पर्धेत दुसरे कांस्य घेतले आणि मग पंचवीस मीटरसाठी उभ्या राहिल्या. प्राथमिक फेरीत त्यांचे गुण झाले ५९०. सावकाश भागात २९४ आणि वेगाच्या भागात २९६. एअर पिस्तुलावर स्थिरावलेल्या हाताने वेगाच्या भागात सावकाश भागापेक्षा दोन गुण अधिक मिळवावेत, यापेक्षा स्पष्ट साक्ष कोणती हवी? अंतिम फेरीत कांस्यासाठी बरोबरी झाली, ती हंगेरीच्या नेमबाज महिलेने जिंकली आणि मनू चौथ्या राहिल्या. त्यांचे प्रशिक्षक जसपाल राणा स्वतः २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धांत सेंटर फायर आणि स्टँडर्ड पिस्तूल अशा दोन निरनिराळ्या प्रकारांत वैयक्तिक सुवर्ण मिळविलेले. ज्याने स्वतः वेस ओलांडली आहे, त्याला जकातीचा दर ठाऊक असतो.

या सर्वांतून मी जे समजलो ते असे. डोळ्याची आणि बोटाची विद्या, म्हणजे माशी पाहणे आणि रेषा न हलविता चाप ओढणे, पलीकडे जाते. वाईट गोळीनंतर मन ताळ्यावर ठेवणेही जाते. कदाचित तेच सर्वांत जास्त जाते. जात नाही ती वेळेची सवय. कधी थांबायचे आणि कधी थांबायचे नाही, हे प्रत्येक घरी नव्याने शिकावे लागते, आणि ते शिकताना जुन्या घरचा मानमरातब बाहेर ठेवावा लागतो. विजेत्याला हे जड जाते; कारण नव्या घरी तो काही काळ विजेता नसतो. बरेच गुणी नेमबाज पलीकडे जात नाहीत, ते हात तयार नसतो म्हणून नव्हे, तर पुन्हा पहिलीत बसायची तयारी नसते म्हणून.

त्या गृहस्थांना मी शेवटी एवढेच म्हणालो, "मुलीच्या हाती दुसरे पिस्तूल द्या. पहिले काही महिने तिचे गुण कमी होतील, ते पाहून तुम्ही घाबरू नका. ती घाबरणार नाही. फक्त तिला घरी कोणी विचारू नका, की आज किती गुण झाले. आज काय शिकलीस, असे विचारा." ते हसले आणि म्हणाले, "हे मला जमेल की नाही, सांगता येत नाही." मला वाटते, त्यांनाही त्या दिवसापासून एक नवा प्रकार शिकायचा होता.